पाहुणा कीं उतारू?

आमच्या नाशिक शहरास समुद्र नाहीं. गोदावरी आहे, तिला पूर येतो, आणि पूर किती आला हें आम्ही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून मोजतों. पाणी त्याच्या कमरेस लागलें, छातीस लागलें, कीं त्याप्रमाणें नदीकाठचीं दुकानें हलूं लागतात. हें माप फार दिवसांचें आहे व ज्याला अक्षरओळख नाहीं त्यालाहि तें वाचतां येतें. समुद्राच्या बाबतींत आमच्यापाशीं असें कोणतेंच माप नाहीं. तरी अलीकडे नाशिकचीं मध्यम स्थितींतलीं कुटुंबें हौसेनें समुद्रावर जाऊं लागलीं आहेत. पोटासाठीं नव्हे, यात्रेसाठींहि नव्हे, तर केवळ जहाजांत चार दिवस राहण्यासाठीं. कोणाच्या लग्नाला पन्नास वर्षें झालेलीं असतात, कोणाला निवृत्तीचा पैसा मिळालेला असतो. निमित्त कांहींहि असो, तीन पिढ्यांचें कुटुंब कसारा घाट उतरतें, मुंबईच्या बॅलार्ड पियरवर जातें आणि उंच इमारतीसारख्या एका पांढऱ्या शुभ्र जहाजांत शिरतें. या सफरीला सर्व जण 'क्रूझ' म्हणतात. आम्हीहि तसेंच म्हणूं. ओढून-ताणून नवें नांव पाडण्याची हौस आम्हांस नाहीं. आमचें भांडण दुसऱ्याच एका शब्दाशीं आहे, आणि तो शब्द आहे 'पाहुणा'.

जहाज-कंपन्यांच्या जाहिरातींत, पत्रव्यवहारांत व जहाजावरच्या ध्वनिवर्धकांतून आपल्याला कोणी प्रवासी म्हणत नाहीं. आपण त्यांचे 'गेस्ट' असतों. ऐकावयास हें गोड लागतें. अतिथीला देव मानण्याचे संस्कार ज्या समाजावर झाले आहेत त्याला तर तें फारच गोड लागतें. परंतु पाहुण्याला हक्क कोणते असतात, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. पाहुणा ताटांत पडेल तें खातो, यजमान नेईल तेथें जातो, पंक्तीस उशीर झाला तर 'असूं द्या' म्हणतो, आणि निघतांना वर आभार मानतो. पाहुण्यानें हिशेब मागणें हा उद्धटपणा समजला जातो. ज्यानें रोख पैसे मोजले आहेत त्याची गोष्ट निराळी आहे. आपल्या भाषेंत त्याच्यासाठीं एक चांगला, खणखणीत शब्द होता. कोकणच्या आगबोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत असत त्या काळीं बोटींत बसणाऱ्याला 'उतारू' म्हणत, आणि तो जें भाडें देई त्याला जुने दर्यावर्दी 'नोर' म्हणत. नोर घेतली म्हणजे उतारूला ठरलेल्या बंदरीं सुखरूप उतरवून देण्याची जबाबदारी आली. या व्यवहारांत कोणी कोणाचा यजमान नसे. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, क्रूझवर जाणारा मनुष्य हा उतारू आहे; त्याला पाहुणा म्हणून त्याचा मान वाढविण्याचा देखावा होतो, आणि त्या देखाव्याखालीं त्याचे हक्क हळूच काढून घेतले जातात.

एक उदाहरण सांगतों. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सारे गुरुजीच म्हणतात, तेव्हां येथेंहि तेंच नांव पुरे. त्यांनीं गांवांतल्या एका प्रवासी-कचेरीमार्फत मुंबईहून लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या सफरीचीं तिकिटें काढलीं. बरोबर पत्नी, मुलगा, सून, नात व चौऱ्यायशीं वर्षांच्या मातोश्री. लक्षद्वीपास मोठें जहाज धक्क्याला लागत नाहीं. तें बाहेर नांगर टाकतें आणि उतारूंना लहान होड्यांतून बेटावर न्यावें लागतें. समुद्र खवळलेला असला तर होड्या सोडतां येत नाहींत. ही गोष्ट समुद्राशीं संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मात्र तिकीट विकतांना गुरुजींना ती कोणी सांगितली नाहीं. व्हायचें तेंच झालें. बेटाचीं माडांचीं झाडें दुरून दिसलीं, नातीनें सज्जांतून तीं पाहिलीं, आणि जहाज परत फिरलें. कप्तानाचा निर्णय बरोबर होता, हें गुरुजी स्वतःच आम्हांस बजावून सांगतात. वाऱ्यावर कोणाची सत्ता चालते? पण बेटावर उतरण्यासाठीं जे वेगळे पैसे भरले होते त्यांचें काय? प्रवासी-कचेरी म्हणाली, ते जहाजाकडे आहेत. जहाज म्हणालें, कचेरीकडे विचारा. दोन महिन्यांनंतर जें उत्तर आलें त्याचा मायना 'प्रिय पाहुणे' असा होता, व मजकूर असा होता कीं, सद्भावनेची खूण म्हणून पुढील वर्षाच्या आंत पुन्हां सफर केल्यास भाड्यांत कांहीं सूट मिळेल. म्हणजे पहिल्या सफरीचे पैसे परत मिळावयाचे तर दुसरी सफर विकत घ्यावी! नाशकांतला कोणताहि किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला असें उत्तर देण्यास धजणार नाहीं.

याच सफरींत मातोश्रींचें पोट बिघडलें. जहाजावर डॉक्टर होता, त्यानें नीट पाहिलें, औषधें दिलीं, आणि त्या मानानें मोठें बिलहि दिलें. तिकिटांत 'सर्व कांहीं' आलें आहे अशी घरच्यांची समजूत होती. 'सर्व कांहीं' या दोन शब्दांनीं मराठी कुटुंबांची जितकी फसगत केली आहे तितकी दुसऱ्या कशानेंहि केली नसेल. भोजनगृहांतलें जेवण त्यांत येतें, कांहीं विशेष खानावळींतलें येत नाहीं. गाणें-बजावणें येतें, किनाऱ्यावरची सहल, इंटरनेट, डॉक्टर, बहुतेक पेयें व पुष्कळ ठिकाणीं सक्तीची केलेली बक्षिसीहि येत नाहीं. शिवाय आपला भ्रमणध्वनि समुद्रावर गेल्यावर जहाजाच्या स्वतःच्या जाळ्यास चिकटतो आणि त्याचा दर जमिनीवरच्या दरासारखा नसतो. गुरुजींच्या मुलानें दोन संध्याकाळीं कचेरीशीं बोलणें केलें; त्याचें बिल पाहून सूनबाईंनीं काय उद्गार काढले ते येथें देत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, पैशाच्या या क्षुल्लक तक्रारींवर एवढा शाईचा खर्च कशाला? पण गुरुजींच्या मातोश्रींचा आणखी एक प्रसंग आम्हांस सांगावयाचा आहे, आणि तो पैशाचा नाहीं. जहाज सुटण्यापूर्वीं संकटकाळची तालीम झाली. सात आंखूड व एक लांब असा भोंगा वाजला. जगभर याचा अर्थ एकच: असाल तेथून उठा व नेमून दिलेल्या जागीं जमा. घरांतली तरुण मंडळी वरच्या मजल्यावर छायाचित्रें काढण्यांत गुंतलीं होतीं. आजी केबिनमध्यें एकट्या होत्या. ध्वनिवर्धकावर इंग्रजींत व हिंदींत कांहीं घाईघाईनें सांगितलें गेलें. मराठींत एक शब्द नाहीं. आजींना वाटलें कोठें तरी गिरणीचा भोंगा झाला. त्या पलंगावर जपमाळ घेऊन बसून राहिल्या, आणि त्या आल्या नाहींत हें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. सुनेनें सर्वांच्या वतीनें भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत उघडून 'पाहिली' अशी खूण करून टाकली होती. मुंबईच्या धक्क्यावरून, मराठी माणसांच्या पैशावर सुटणाऱ्या जहाजांत जीव वाचविण्याची सूचना मराठींत देतां येऊं नये, ही गोष्ट आम्हांस असह्य वाटते. जेवणाच्या पंक्तींत गुजराती, जैन, दक्षिणी असे सर्व प्रकार असतात. जिभेची एवढी काळजी वाहिली जाते, मग कानाची कां नाहीं?

समुद्रावर माणूस मोजला जाणें म्हणजे काय, हें आपल्या किनाऱ्यानें फार महाग किंमत देऊन शिकलें आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्याला महिनाहि उरला नसतां, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ऐन पावसाळा होता. वाटेंत लाटेच्या तडाख्यानें बोट कलली, भ्यालेले उतारू एका बाजूस धांवले, आणि थोड्याच वेळांत ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. नेमकीं किती, याचे आंकडे आजहि निरनिराळे छापले जातात! बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें; म्हणून मुंबईस कित्येक तास पत्ताच नव्हता. रेवसकडच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या घालून जमेल तेवढ्यांना वर काढलें. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनीं, १८ डिसेंबर २०२४ रोजीं, गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' होडीवर इंजिनाची चांचणी चाललेली नौदलाची एक वेगवान नौका आदळली व १५ जण मृत्यु पावले. ती टक्कर होडीनें ओढवून घेतलेली नव्हती. परंतु होडींत परवान्याहून अधिक माणसें होतीं, आणि पुष्कळांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतें. अपघातानंतर तें सक्तीचें झालें. आपल्याकडे सक्ती ही नेहमीं तेराव्याच्या जेवणानंतर येते.

मोजणीची गोष्ट नाशिककरांस कोणी समजावून सांगावयास नको. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरीं वह्या आहेत. कोणत्या गांवचा कोण मनुष्य, कोणाचा मुलगा, कोणाबरोबर, कोणत्या सालीं गंगेवर आला, हें त्यांत लिहिलेलें सांपडतें. आजोबांची सही पाहून नातवाचे डोळे भरून येतात. दक्षिणेसाठीं कां होईना, आलेल्या प्रत्येक मनुष्याचें नांव लिहिलें जातें. मग लाखों रुपये किमतीच्या यंत्रांनीं सज्ज असलेल्या जहाजानें एका म्हाताऱ्या बाईस हिशेबांतून निसटूं द्यावें? आमच्या मनांतली ही भीति काल्पनिक नाहीं. २०२५ च्या ऑक्टोबरांत ऑस्ट्रेलियांतील लिझर्ड बेटावर एका सफरी जहाजाचे उतारू फिरावयास उतरले. ऐंशीं वर्षांची एक बाई मागें राहिली. जहाज तिच्यावांचून निघून गेलें. ती नाहीं हें कांहीं तासांनीं ध्यानांत आल्यावर तें परतलें, आणि दुसऱ्या दिवशीं बाईचें प्रेत सांपडलें. तें कांहीं हजारों माणसांचें जहाज नव्हे. सुमारें एकशेंवीस उतारूंची सोय असलेलें लहान जहाज. एकशेंवीस माणसें तर आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला असतात, आणि कोण आलें नाहीं हें घरची बाई तोंडपाठ सांगते.

तालमीचा कायदा तरी कसा झाला तें पाहण्यासारखें आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हें चार हजारांहून अधिक माणसांचें जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर घासलें. बत्तीस माणसें दगावलीं, कप्तान उतारूंच्या आधीं जहाज सोडून गेला व पुढें तुरुंगांत पडला. त्याच संध्याकाळीं चढलेल्या शेंकडों उतारूंची तालीम झालेलीच नव्हती. त्या वेळच्या नियमाप्रमाणें ती चोवीस तासांच्या आंत झाली तरी चालत असे. त्या जहाजांतलें सर्वांत शेवटीं, २०१४ सालीं, सांपडलेलें शव मुंबईजवळच्या एका वाढप्याचें होतें. यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून तालीम जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच झाली पाहिजे असें ठरलें. बत्तीस प्राण देऊन जो नियम मिळाला तो आज कित्येक जहाजांवर भ्रमणध्वनीवरची चित्रफीत आणि एका जागीं जाऊन केलेली खूण एवढ्यावर येऊन ठेपला आहे. तरुणांस तें पुरत असेल. आजींस पुरत नाहीं.

येथें आम्ही न्यायाची एक गोष्ट कबूल करतों. आजचें मोठें जहाज जुन्या आगबोटीपेक्षां किती तरी अधिक सुरक्षित आहे. त्यावरचे नोकर अदबीनें वागतात. त्यांत आपल्या गोव्याचीं व कोकणचीं मुलें पुष्कळ आहेत, आणि महिनोन् महिने घरापासून दूर राहून तीं आपल्यापुढें हंसतमुखानें ताट ठेवतात. त्यांच्याविरुद्ध आमचा एक शब्दहि नाहीं. यजमानपणाचा मान कंपनी घेते आणि कष्ट हीं मुलें काढतात, एवढेंच. जहाज बुडेल, ही भीति घालण्याचा आमचा हेतु नाहीं. जहाज न बुडतांहि उतारू बुडूं शकतो, हें आम्हांस दाखवावयाचें आहे.

त्याचा धडा साथीच्या दिवसांत मिळाला. २०२० च्या फेब्रुवारींत जपानच्या योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावर ३,७११ माणसें अडकून पडलीं व त्यांतल्या सातशेंहून अधिकांना करोनाची बाधा झाली. तें दूरचें म्हणून सोडून देऊं. २०२२ च्या जानेवारीच्या आरंभीं मुंबईहून गोव्यास गेलेल्या 'कॉर्डेलिया' जहाजावर सुमारें दोन हजार माणसें होतीं; मुरगांवला तपासणींत ६६ जण बाधित निघाले, उतारूंना उतरूं दिलें नाहीं, आणि जहाज मुंबईस परत आलें. साथींत कठोर नियम हवेतच, त्याविषयीं वाद नाहीं. पण त्या दिवसांत केबिनच्या चार भिंतींत बसलेल्या मनुष्यास पाहुणचाराचा अर्थ कळला असेल. साथ आली कीं पाहुणा कोणालाच नको असतो. उतारूला निदान विचारतां येतें, कीं मला कोठें उतरविणार, कधीं, आणि कोणाच्या खर्चानें?

पैसे आगाऊ भरण्याची चालहि अशीच एकतर्फी आहे. सहा-सहा महिने आधीं भाडें द्यावें, जसजशी तारीख जवळ येईल तसतशी रद्द करण्याची दंडाची रक्कम चढत जावी, अगदीं शेवटीं तर सारेंच भाडें बुडावें. उलट कंपनीनें मात्र बंदर गाळलें, वेळ बदलली, मार्ग फिरविला, तरी तिला कांहीं द्यावें लागूं नये, अशा अर्थाचीं कलमें तिकिटाच्या मागें मुंगीएवढ्या टाईपांत छापलेलीं असतात. आणि कंपनी तरी सहा महिने टिकेल याची खात्री काय? २०१८ च्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा बोट मोठ्या थाटानें सुरू झाली. २०२० च्या साथींत ती थांबली. २०१९ च्या एप्रिलांत 'कर्णिका' हें भव्य जहाज मुंबईस आलें, आणि २०२० संपण्यापूर्वीं तें अलंगच्या किनाऱ्यावर तोडावयास गेलें. लोकांनीं धंदा करावा, त्यांत तोटाहि येतो. त्याबद्दल कोणास हिणविण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या धंद्यांत असें घडतें त्यांत गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा सुरक्षित राहावा, ही मागणी अवाजवी म्हणतां येईल काय?

सरकारचें लक्ष या धंद्याकडे आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं 'क्रूझ भारत मिशन' जाहीर झालें. २०२९ पर्यंत या प्रवाशांची संख्या दुप्पट व्हावी असा त्याचा संकल्प आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजीं मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचें उद्घाटन झालें. इमारत देखणी आहे. पण विमान चुकलें, उशिरां सुटलें, तिकीट असून चढूं दिलें नाहीं, तर काय मिळावें याचे नियम विमानखात्यानें केलेले आहेत. युरोपांत समुद्रप्रवाशांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा २०१२ च्या डिसेंबरापासून चालू आहे. तशी एखादी सुटसुटीत सनद आपल्या क्रूझ-उतारूच्या हातीं कोणी ठेवल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. धक्का नवा बांधला, इकडे उतारूचा हक्क मात्र जुन्या धक्क्यावरच राहून गेला.

'जहाज हें परक्या देशाचें, त्यावर आपला कायदा कसा चालणार?' असें एक उत्तर तोंडावर फेंकण्यांत येतें. पुष्कळ क्रूझ-जहाजांची नोंदणी बहामा, पनामा अशा दूरच्या देशांत असते हें खरें. जहाजावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न नाशिककरांस नवा नाहीं. आमच्या शेजारच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनीं ८ जुलै १९१० रोजीं मार्सेय बंदरांत 'मोरिया' बोटींतून उडी घेतली, फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकले, आणि तेथल्या पोलिसानें त्यांना पुन्हां बोटीवर आणून दिलें. त्यावर ब्रिटन व फ्रान्स या दोन राष्ट्रांचा वाद हेगच्या लवादापुढें गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल ब्रिटनच्या बाजूनें लागला. धक्का आणि जहाज यांमधल्या चार हातांच्या पाण्यांत केवढा कायदा सांठलेला असतो, हें तेव्हांच जगाला कळलें. मात्र आपलें प्रकरण एवढें अवघड नाहीं. तिकीट नाशकांत विकलें, पैसे नाशकांत घेतले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रारदारास आपण जेथें राहतों तेथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असला कीं काम जिल्ह्यांतच चालतें, आणि तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दाद अमुक एका शहरांतच मागावी असें तिकिटावर छापलेलें पाहून पुष्कळ लोक घरीं बसतात. त्यांनीं बसूं नये. एखाद्या वकिलास विचारावें. छापलेलें सर्वच कायदा नसतें.

पण सारा दोष कंपन्यांच्या माथीं मारणें हा अप्रामाणिकपणा होईल. आपण स्वतः काय करतों? मुलीचें स्थळ पाहतांना तीन पिढ्यांची चौकशी करणारे आपण, जहाजाचीं कलमें वाचण्यास पंधरा मिनिटें देत नाहीं. तिकीट काढतांना पहिला प्रश्न 'कांदा-लसूण नसलेलें मिळेल ना?' हा असतो आणि दुसरा 'खिडकी समुद्राकडे आहे ना?' हा. सज्जा वरच्या मजल्यावरचा मिळाला म्हणून फुशारकी मारतों. जहाज सर्वांत कमी हलतें तें मध्यभागीं व खालच्या मजल्यावर, आणि म्हाताऱ्या माणसास तीच खोली हितावह, हें विचारीतहि नाहीं. सामान धक्क्यावर हमालाच्या हवालीं करतों. तें केबिनमध्यें कित्येक तासांनीं येतें, आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या त्यांतच असतात. भूमध्य समुद्रावर जाणारीं मंडळी एकदांच प्रवेश देणारा व्हिसा घेतात, वाटेंत जहाज तुर्कस्थानच्या एखाद्या बंदरास लागतें, आणि युरोपांत परत शिरतांना ती चिठ्ठी निरुपयोगी ठरते. विमा काढतों तो विमानापुरता. जहाजावरून आजाऱ्यास किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च त्यांत येतो कीं नाहीं, हें कोणी उलटून पाहत नाहीं. आणि वेळ! समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजीं खुला झाल्यापासून नाशिककरांस मुंबई म्हणजे अंगण वाटूं लागली आहे. त्याच दिवशीं सकाळीं निघूं, पंचवटी एक्स्प्रेस आहेच, असा हिशेब होतो. पंचवटीला उशीर झाला तर कचेरींतला साहेब समजून घेतो; जहाज समजून घेत नाहीं. सुटण्याच्या वेळेआधींच त्याचे दरवाजे बंद होतात, आणि धक्क्यावर उभ्या राहिलेल्या कुटुंबाचें भाडें कलमाप्रमाणें जमा झालेलें असतें. आदल्या रात्रीं मुंबईस मुक्काम करण्याचा खर्च हा सफरीचाच खर्च समजला पाहिजे.

आमच्या या लिहिण्यावर एका मित्रांनीं आक्षेप घेतला कीं, 'चार दिवस मौजेचे, त्यांतहि तुम्हीं वकिली घुसडली. मग माणसानें हौस करावी कशी?' हौस अवश्य करावी. ज्या पिढीनें आयुष्यभर मुलांच्या फीचे आंकडे मांडले तिनें सायंकाळीं सज्जांत बसून सूर्यास्त पाहावा, यापरतें आम्हांस दुसरें काय हवें? परंतु ज्या वाण्याकडून आपण महिन्याचें सामान भरतों त्याच्याकडूनहि बिल मागून घेतों, आणि त्यामुळें त्याचा गूळ कडू लागत नाहीं. तिकिटाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत व मराठींत, एवढें लिहून द्यावें: भाड्यांत काय आलें आणि काय नाहीं, कोणतें बंदर हवेवर अवलंबून आहे व तें चुकल्यास कोणते पैसे परत, डॉक्टर किती घेईल, जहाज कोणत्या देशाचें आणि तक्रार कोणाकडे. आणि तालमीच्या वेळीं प्रत्येक केबिनचें दार ठोठावून आंतल्या माणसाला, तो न आल्यास, हातानें धरून न्यावें. यांत अशक्य असें काय आहे? रोज रात्रीं अंथरूण घालावयास आणि उशीवर चॉकलेट ठेवावयास त्याच दारांतून मनुष्य येतच असतो.

गुरुजींनीं 'प्रिय पाहुणे' या पत्रास उत्तर पाठविलें आहे. त्यांनीं बेटावर उतरण्याच्या रकमेची पावती जोडली, डॉक्टरच्या बिलाची प्रत जोडली, मातोश्रींस तालमीस कोणी बोलाविलें नाहीं हें तारीख-वेळ घालून लिहिलें, आणि खालीं सहीपुढें 'उतारू' असा शब्द घातला. उत्तर अद्याप नाहीं. जिल्हा आयोगाकडे जाण्याच्या मुदतीचे चौदा महिने शिल्लक आहेत, आणि कागद त्यांनीं एका जुन्या फायलींत, मुलांच्या गुणपत्रिका जशा लावीत तशा, अनुक्रमानें लावून ठेवले आहेत.